हार्ड डिस्कमधून डेटा काढताना वेग केबीत आला तर काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

कॉपी लावली की पहिली काही मिनिटं वेग बरा असतो. मग तो घसरत दोन-तीन एमबीवर येतो आणि शेवटी केबीत. मध्येच शून्य होतो, अर्धा मिनिट तिथेच थांबतो, थोडा सरकतो, पुन्हा शून्य. उरलेला वेळ आधी दोन तास दिसतो, मग अकरा तास, मग तीन दिवस. डिस्क जोडली की अख्खा कॉम्प्युटर जड होतो, माय कॉम्प्युटर उघडलं तरी वरची हिरवी पट्टी सरकतच राहते. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालतं आणि सकाळी जिथल्या तिथे असतं. कधी डिस्क मध्येच गायब होते आणि आवाज होऊन परत येते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं रिपेरिंगचं दुकान आहे. फोटो स्टुडिओ, कृषी केंद्र, शाळा, आपले सरकार सेवा केंद्र, सगळीकडून अशा डिस्क येतात. आत लग्नाचे व्हिडिओ असतात, टॅलीचा हिशोब असतो, शाळेची जुनी रेकॉर्ड असतात. आणणाऱ्याचं वाक्य ठरलेलं: "भाऊ, कालपासून कॉपी होऊनच राहिली, पण सरकून नाही राहिली." माझ्याकडे येईपर्यंत त्या डिस्कवर दोन-तीन सॉफ्टवेअर चालवून झालेली असतात. डेटा हातचा जातो तो बहुतेक वेळा इथेच, कारण डिस्क आजारी असताना तिला पुन्हा पुन्हा पूर्ण वाचायला लावलेलं असतं.

वेग दोनच ठिकाणी अडकतो: डिस्कपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेत, नाहीतर डिस्कच्या आत. वाटेतला दोष फुकटात किंवा दीडदोनशे रुपयांच्या केबलमध्ये निघतो. दोष आत असेल तर डिस्कमध्ये आता मोजकंच वाचन शिल्लक आहे असं धरून चालायचं. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे, डिस्कला कमीत कमी वाचायला लावून जास्तीत जास्त कळावं म्हणून.

हात लावण्याआधी

चालू असलेली कॉपी किंवा स्कॅन थांबवा. विंडोज "डिस्क फॉरमॅट करायची आहे का" असं विचारत असेल तर नाही म्हणा. विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क चालवू नका. ते फाइल सिस्टिम जुळवण्यासाठी डिस्कवर लिहितं, आणि खराब डिस्कवर त्याने फोल्डरची नावं आणि रचना कायमची जाऊ शकते. डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सरकवून एकत्र लावणं, तर अजिबातच नाही.

मग पंखा, कूलर बंद करून डिस्कला कान द्या. एका लयीत टक-टक येत असेल, घासल्यासारखं किंवा खरडल्यासारखं ऐकू येत असेल, किंवा मोटर फिरायचा प्रयत्न करून थांबत असेल, तर पुढचं काहीही करू नका आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. डिस्क पडली असेल किंवा पुराच्या पाण्यात भिजली असेल तरीही तेच, आणि भिजलेली डिस्क "सुरू होते का बघू" म्हणून एकदाही लावायची नाही. डिस्कच्या आत डेटा गोल चकत्यांवर, म्हणजे प्लॅटरवर असतो, आणि तो वाचणारं हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटरवरून फिरतं. ते टेकलं तर एकेका फेरीत डेटा असलेला थर खरवडला जातो, आणि खरवडलेला थर डेटा काढून देणारी कोणतीही लॅब परत आणू शकत नाही.

डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं, हळूच आपटणं हे उपाय अजून लोक सांगतात. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर आपल्याकडच्या हवेत लगेच दव धरतं. कृपा करून ते करू नका.

वेग खरंच कमी आहे का?

हे विचारायलाच हवं, कारण काही वेळा डिस्क धडधाकट असते. हजारो छोट्या फाइली कॉपी करताना हेडला प्रत्येक फाइलसाठी जागा बदलावी लागते आणि एका उडीला साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात. व्हॉट्सअॅपचे फोटो कॉपी करताना वेग एक-दोन एमबी दिसला तर त्यात नवल नाही. एखादी मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करून बघा. तिचा वेग चांगला आला तर रात्रभर कॉपी चालू द्या, डिस्कचं काही बिघडलेलं नाही.

चांगल्या डिस्कचा वेग साधारण असा असतो: लॅपटॉपची छोटी डिस्क ८० ते १२० एमबी प्रतिसेकंद, डेस्कटॉपची मोठी १०० ते २०० एमबी. डिस्कच्या शेवटच्या भागात, म्हणजे प्लॅटरच्या आतल्या कडेला, तो जवळपास निम्मा होतो. हळूहळू झालेली ती घट नैसर्गिक आहे. मध्येच शून्यावर जाणं नैसर्गिक नाही.

पोर्ट आणि केबल

वेग ३० ते ४० एमबीवर येऊन अगदी स्थिर बसला असेल तर डिस्कला दोष देऊ नका, तुम्ही यूएसबी २ वर आहात. केबल निळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावा. एक्स्टर्नल डिस्कची रुंद, चपटी पिन अर्धवट बसली तरी डिस्क चालते, पण यूएसबी २ च्या वेगाने, म्हणून ती नीट दाबून बघा. वेग सतत एक एमबीच्या आसपास असेल तर पोर्ट त्याहूनही जुन्या पद्धतीने बोलत असण्याची शक्यता आहे. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट टाळा. तिथपर्यंतची आतली वायर लांब आणि हलकी असते, मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. हब नको.

केबल बदलून बघायचीच, ती दिसायला नवी असली तरी. खराब केबलमध्ये डेटा वाटेत बिघडतो, कॉम्प्युटर तोच तुकडा पुन्हा मागतो, आणि आपल्याला फक्त वेग पडलेला दिसतो.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये रुंद पट्टीची आयडीई केबल असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये चॅनल डीएमए या वेगवान पद्धतीवर आहे की पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीवर ते बघा. चुका वाढल्या की विंडोज आपणहून पीआयओवर उतरतं आणि वेग तीन-चार एमबीवर अडकतो.

लाइन आणि अडॅप्टर

आपल्या भागात हे कारण मोठं आहे, आणि मोठ्या शहरातल्या माणसाच्या ते चटकन ध्यानात येत नाही. संध्याकाळी किंवा शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज उतरतं. त्यात जुना, तापणारा अडॅप्टर असला की मोठ्या एक्स्टर्नल डिस्कला लागणारे १२ व्होल्ट पुरते मिळत नाहीत. मोटर फिरते, पण वेग डळमळतो, वाचन चुकतं, डिस्क मध्येच बंद होऊन परत येते. अगदी खराब डिस्कसारखीच लक्षणं. त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावून बघा. १२ च्या जागी १९ व्होल्टचा लॅपटॉपचा अडॅप्टर बसतो म्हणून लावू नका, बोर्ड जळतो.

छोटी डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्कला जास्त लागते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर ती अडखळते.

कॉम्प्युटर यूपीएसवर असायलाच हवा. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावून ठेवा. लाइन गेल्यावर अचानक बंद पडणारी आजारी डिस्क पुढच्या वेळी सुरू होईलच असं नाही.

ऊन

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीच एवढी तापलेली असताना बंद प्लास्टिकच्या केसिंगमधली डिस्क तासाभरात ५५ च्या वर जाते. बहुतेक डिस्कना कंपन्या कमाल ६० अंश सांगतात, तेही धडधाकट डिस्कसाठी. हेड अशक्त झालं असेल तर उष्णतेत वाचनाच्या चुका वाढतात. उन्हाळ्यात मी असं काम रात्री उशिरा लावतो आणि डिस्कवर टेबल फॅनचा झोत सोडतो. कूलरचा झोत थेट लावू नका, त्यात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि डिस्कचा बोर्ड उघडा असतो.

डेटा जिथे जातोय ती डिस्क

हे तपासायचं बहुतेकांना सुचतच नाही. नव्या, स्वस्त, मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. अशा डिस्कवर पहिले काही जीबी झपाट्याने जातात, मग आतली राखीव जागा भरली की लिहिण्याचा वेग १०-२० एमबीवर किंवा त्याखाली येतो. वाचणारी डिस्क ठीक असते, लिहिणारी मागे पडते. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही डिस्कचे आलेख बघा. नवी डिस्क १०० टक्के व्यस्त आणि जुनी रिकामी बसलेली दिसली तर उत्तर मिळालं. पेन ड्राइव्हवर कॉपी करत असाल तर तेच होतं. अँटिव्हायरसही तेवढ्यापुरता बंद ठेवा, तो प्रत्येक फाइल उघडून तपासतो.

स्मार्टचे आकडे

इथवर वेग सुधारला नाही तर आता डिस्कलाच विचारायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंदवही, म्हणजे स्मार्ट, दाखवतं. त्यातले आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत असतात, मेनूतून दशमान करून घ्या, नाहीतर १६ ला १० वाचाल.

चार ओळी बघायच्या. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा. क्रमांक ५ म्हणजे निकामी झाल्यामुळे बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. १९९ म्हणजे केबलच्या वाटेत झालेल्या चुका. फक्त १९९ चढत असेल तर आनंदाने केबल बदला. जुना आकडा खाली येत नाही, पण पुढे वाढायचा थांबला की झालं. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल आणि वेग थांबून थांबून पडत असेल, तर कारण जवळपास पक्कं झालं. १९७ दर वेळी वाढलेलाच दिसत असेल तर डिस्क तुमच्या डोळ्यांसमोर खालावते आहे.

बॅड सेक्टरने वेग एवढा का पडतो? सेक्टर वाचता आला नाही की डिस्क लगेच हार मानत नाही. ती हेड किंचित सरकवून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचते, आणि घरगुती डिस्क यात काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत किंवा जास्तही घालवते. मग चूक कळवते, आणि विंडोज तोच सेक्टर परत मागतं. एका सेक्टरला १० सेकंद धरले आणि असे १००० सेक्टर असले तर पावणेतीन तास नुसत्या न वाचलेल्या जागांवर जातात. तेवढ्याच वेळात चांगली डिस्क १ टीबी वाचून देते.

स्मार्टची लांब चाचणी मात्र चालवू नका. ती सगळी डिस्क वाचते आणि बदल्यात तुमची एक फाइलही देत नाही.

केसिंगमधून काढून थेट साटावर

केसिंगमधला यूएसबीचा छोटा बोर्ड वाचनाची चूक आली की गोंधळतो, स्वतःच रीसेट होतो, आणि नेमकी चूक कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नाही. डिस्क डेस्कटॉपच्या साटा पोर्टवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या डिस्क जोडायच्या जागेवर, थेट लावली की हा मधला दलाल जातो. पुष्कळदा एवढ्यानेच अडणं निम्म्यावर येतं.

दोन सावधगिरी. काही एक्स्टर्नल डिस्कमध्ये साटाची जागाच नसते, यूएसबी थेट बोर्डवर डाखलेलं असतं. तिथे ओढाताण करू नका. आणि काही केसिंगचा बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करतो, त्यामुळे बाहेर काढलेली डिस्क रिकामी दिसते. घाबरू नका, परत केसिंगमध्ये बसवा. विंडोजने "इनिशिअलाइझ" विचारलं तर रद्द करा.

आधी इमेज, मग रिकव्हरी

आता मुख्य काम, आणि यासाठी वेळ काढायलाच हवा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर आजारी डिस्कवर थेट चालवलं की ते एकदा स्कॅनसाठी सगळी डिस्क वाचतं आणि दुसऱ्यांदा फाइली काढण्यासाठी. शिवाय अडलेल्या जागी ते हट्टाने थांबतं. त्याऐवजी डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, एकदाच काढायची आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची.

यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते फुकट आहे आणि सिस्टमरेस्क्यू या लिनक्सच्या पेन ड्राइव्हमध्ये तयार मिळतं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं की विंडोजची लुडबुडही थांबते. डीडीरेस्क्यू सोपा भाग आधी पटापट उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि कठीण भागाकडे शेवटी येतं. कुठवर वाचलं याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं. लाइन गेली, कॉम्प्युटर बंद पडला, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम तिथूनच पुढे चालू होतं. भारनियमनाच्या गावात याची किंमत वेगळी सांगायला नको. मात्र मॅप फाइल नव्या डिस्कवर ठेवा. ती लिनक्सच्या तात्पुरत्या जागेत राहिली तर बंद होताना पुसली जाईल.

नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी घ्या आणि ती फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आज्ञा देण्याआधी कोणती डिस्क जुनी आणि कोणती नवी हे मॉडेल आणि सीरियल नंबरवरून कागदावर लिहून घ्या. दोन नावं उलटी पडली तर नवी कोरी डिस्क जुन्यावर लिहिली जाईल, आणि मग कोणीच काही करू शकणार नाही. आज्ञा लिहिताना माझ्या दुकानात दुसरा माणूस शेजारी उभा राहून नंबर वाचतो.

पहिल्या फेरीत खरवडणं टाळणारा 'एन'चा पर्याय द्या, म्हणजे ती हट्ट करणार नाही. पहिली फेरी संपल्यावर उरलेल्या जागांसाठी दुसरी, आणि गरज असेल तरच पुन्हा प्रयत्नांची. वेग एकाच ठिकाणी अडत असेल तर उलट दिशेने, डिस्कच्या शेवटाकडून वाचणारा पर्याय वापरून बघा. अडलेल्या पट्ट्याच्या पलीकडचा चांगला भाग त्याने आधी हाती लागतो.

एक अपवाद मी करतो. फोल्डर उघडत असतील आणि खरी गरज फक्त टॅलीच्या एक-दोन जीबीची असेल, तर आधी तेवढंच फोल्डर काढतो, मग इमेज. मात्र फोटोंच्या फोल्डरमध्ये चित्रांऐवजी यादी दिसेल असं ठेवा. नाहीतर छोटी चित्रं दाखवण्यासाठी कॉम्प्युटर प्रत्येक फोटो वाचायला लागतो.

मंदपणाची तऱ्हा काय सांगते

इमेज निघताना तासभर वेग बघा. एकाच पट्ट्यात वेग पडला आणि पुढे परत सुधारला तर तेवढाच भाग खराब आहे, काम घरी होण्यासारखं आहे.

वेग ठरावीक अंतराने चांगला, वाईट, चांगला, वाईट असा येत असेल तर एक हेड अशक्त झालंय असं समजा. डेटा सगळ्या पृष्ठभागांवर आळीपाळीने पसरलेला असतो, म्हणून एका हेडचा आजार पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. लॅबमधली यंत्रं चांगल्या हेडचा भाग आधी वेगळा वाचून घेऊ शकतात. आपल्याकडे ती सोय नाही, आणि आपण जितकं रेटू तितकं ते हेड लवकर मरतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळीकडे सारखाच रेंगाळलेला वेग, आवाज नाही, चुकाही फारशा नाहीत. अशा वेळी डिस्कचं आतलं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारं सॉफ्टवेअर, स्वतःच्याच कामात, खराब सेक्टरांच्या यादीत गुंतलेलं असू शकतं. लॅबवाला डिस्क न उघडता हे सोडवू शकतो. घरी यावर उपाय नाही, इंटरनेटवरून फर्मवेअर उतरवून टाकू नका.

थांबा, आता लॅब

पहिल्या तासाचा हिशोब करा. १ टीबी डिस्कला ३० एमबीच्या वेगाने सव्वानऊ तास लागतात. १ एमबीच्या वेगाने साडेअकरा दिवस. १०० केबीने जवळपास चार महिने, आणि आजारी डिस्क चार महिने जगत नाही. वेग एक एमबीच्या खाली स्थिरावला, डिस्क वारंवार गायब झाली, क्षमता शून्य किंवा भलतीच दिसली, १९७ चा आकडा तासातासाला वाढला, किंवा नवा आवाज सुरू झाला, की वीज काढा. डेटा दुसरीकडे कुठेच नसेल, म्हणजे कोणाच्या लग्नाची एकमेव चित्रफीत किंवा गेलेल्या माणसाचे फोटो असतील, तर मी स्मार्टच्या आकड्यांनंतरच थांबायला सांगतो. हेड बदलायचं निघालं तर लॅबचा खर्च मोठा असतो, हे ग्राहकाला आधीच सांगा आणि निर्णय त्याला घेऊ द्या.

आपल्याला जवळचं म्हणजे नागपूर. लॅबला आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा निघाला नाही तर काय घेणार, आणि डिस्क उघडायची वेळ आली तर ती धूळरहित जागेत उघडणार का. डिस्क साध्या टेबलावर उघडतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

नेताना डिस्क स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून चारही बाजूंनी स्पंज लावा. एसटीत ती मांडीवर ठेवा, डिकीत किंवा वरच्या रॅकवर नको. सोबत एक चिठ्ठी द्या: काय झालं होतं, कोणतं सॉफ्टवेअर किती वेळ चाललं, आवाज कधीपासून येतो, कोणते फोल्डर आधी हवेत. अर्धवट इमेज आणि मॅप फाइल असलेली नवी डिस्कही सोबत न्या. कोणता भाग आधीच वाचून झालाय हे त्यावरून लॅबवाल्याला कळतं, आणि उरलेलं वाचन त्याला हव्या त्या भागावर खर्च करता येतं.